तुला कळलंय, हे त्याला कधी कळणार?

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

पत्रलेखिका तिशीतली. पुण्यातल्या आयटी कंपनीने तिला टोकियोला पाठवलं आणि ती तिथेच रमली. निशि-कासाई भागात राहते. गेली दोन वर्षं एका जपानी मित्राबरोबर तिचं घर आहे. नववर्षाला आणि ऑगस्टमधल्या ओबोनला, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला, तो एकटाच गावी जातो. परत येताना दर वेळी मिठाईचा डबा आणतो आणि ‘आईने तुझ्यासाठी दिलाय’ म्हणतो. ‘घरी तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय, दोघं खूश आहेत, लवकरच भेटू’ हेही ती दोन वर्षं ऐकते आहे. याच भरवशावर गेल्या वर्षी तिने पुण्याला वरच्या पदावर परतण्याची संधी सोडली. गेल्या महिन्यात त्याची धाकटी बहीण टोकियोत आली होती. बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, की आईवडिलांना यातलं काहीही माहीत नाही. आता पत्रलेखिकेला आठवतं, की त्या डब्यांवर कायम स्टेशनातल्या दुकानाचं स्टिकर असायचं. तिने अजून त्याला काही विचारलेलं नाही.

मधल्या दिवसांत ती जपानी गाणी ऐकते आहे. भाषा आता बऱ्यापैकी कळते, आणि कळायला लागल्यापासून जिथे तिथे प्रेमातल्या खोटेपणाचीच गाणी कानावर पडतात, असं ती लिहिते. कराओकेत तो न चुकता ‘प्रिटेन्डर’ (ढोंग करणारा) हे गाणं म्हणतो, आणि त्या गाण्यातला नायक तर प्रेयसीला सांगतो की तुझ्या नशिबातला माणूस मी नव्हे. तिने अशा गाण्यांची एक प्लेलिस्टच केली आहे. तिला विचारायचं आहे: जपानी माणसांना नात्यातलं खोटं चालतं का? तो गाण्यातून मला सुचवत होता का? मी समजून घेऊन गप्प बसू, की सामान बांधू?

पत्राच्या शेवटी, कंसात: तिच्याही घरी तो कोणाला माहीत नाही. आईला वाटतं, लेक एका जपानी मैत्रिणीबरोबर राहते. दिवाळीत आईने त्या मैत्रिणीसाठी तिखट कमी घालून वेगळा चिवडा पाठवला. तो त्याने खाल्ला.

उत्तर

अगं, कंसातल्या त्या ओळीपाशी मला यायचंच आहे. पण तू गाण्यांपासून सुरुवात केलीस, तर मीही तिथूनच करते. एक तर तुझं निम्मं पत्र गाण्यांनीच भरलंय, आणि दुसरं, मलाही त्यांचा नाद आहे. पुण्यात जपानी शिकवायचे तेव्हा व्याकरणाला कंटाळलेल्या वर्गाला मी याच गाण्यांची लाच द्यायचे.

आधी ‘प्रिटेन्डर’चा निकाल लावून टाकू. ‘ऑफिशियल हिगे दानदिझ्म’ या बँडने ते २०१९ साली केलं ते एका चित्रपटासाठी, आणि तो चित्रपट होता लोकांना गंडवणाऱ्या ठगांच्या टोळीवर. म्हणजे ढोंग हा विषय त्यांना आयता मिळालेला होता. तेव्हापासून ज्याचा आवाज जरा वर चढतो असा प्रत्येक जपानी तरुण कराओकेच्या खोलीत ते गाणं म्हणून बघतो, आणि बहुतेकांचा शेवटच्या कडव्यापर्यंत घसा बसतो. तुझ्या मित्राने ते म्हटलं यावरून एवढंच कळतं की तो २०१९ नंतर जपानमध्ये राहत होता. आपल्याकडे भावगीतांच्या मैफलीत विरहाने व्याकूळ होऊन गाणाऱ्या गृहस्थांची बायको पहिल्या रांगेत शेंगदाणे खात बसलेली असते, तसंच हे. तेव्हा त्या गाण्याचा पुरावा फेटाळला. त्याच्याविरुद्ध तुझ्याकडे खरा पुरावा आहे, तो बहिणीच्या तोंडून निघालेल्या वाक्याचा. आपण तेवढ्यावरच बोलू.

आता तुझा मोठा प्रश्न. जपानी माणसांना खोटं चालतं का? तू उलट बाजूने विचार करून बघ. ज्या समाजात खोटं चालून जातं तिथे त्याच्यावर गाणी कशाला होतील? गाणी दुखऱ्या जागेची होतात. पन्नास वर्षं तिथले गीतकार तीच जागा चोळत बसलेत, म्हणजे ती तिथेही दुखते, अगदी आपल्याइतकीच. मनात एक आणि जनात एक ठेवायची जपानी रीत तुला कंपनीतल्या पहिल्याच आठवड्यात कोणी तरी समजावली असेल. ती रीत खोटी नाही. पण ती साहेबाशी, ग्राहकाशी, शेजाऱ्याशी वागायची रीत आहे. घरातल्या बाईला स्टेशनवर घेतलेला डबा ‘आईने दिलाय’ म्हणून देणं हा कुठल्याच देशाचा शिष्टाचार नाही. ती एका माणसाने मारलेली थाप आहे. आणि तू मधे अख्खा देश आणून बसवलास, की तो माणूसही सुटतो आणि तूही सुटतेस. त्याला जाब द्यावा लागत नाही, तुला विचारावं लागत नाही.

म्हणून तुझी प्लेलिस्ट मी जरा वेगळ्या कानाने ऐकली. १९७४ सालचं ‘उसो’ घे. नावच ‘खोटं’. गातो कियोशी नाकाजो, पण गाण्यातली ‘मी’ बाई आहे. पुरुषाने बाईच्या तोंडचं गाणं म्हणायची तिकडे जुनी रीत आहे. तिला त्याची लबाडी कळते ती मोडून विझवलेल्या सिगारेटच्या थोटकांवरून. तुला कळली डब्यावरच्या स्टिकरवरून. शब्द योको यामागुचींचे. या बाई टोकियोत गिन्झासारख्या महागड्या वस्तीत स्वतःचा क्लब चालवायच्या, तेव्हा हातात ग्लास आला की पुरुष काय काय बोलतात याचं शिक्षण त्यांना घरबसल्या मिळालं असणार. पुढे १९८५ मध्ये त्यांना कथालेखनासाठी नाओकी पारितोषिक मिळालं. (आणि ‘खोटं’ गाऊन नाव कमावलेले नाकाजो २०२२ मध्ये संसदेच्या वरच्या सभागृहात निवडून गेले. यावर मी काही बोलत नाही.)

किंवा सायुरी इशिकावाचं १९८६ चं ‘अमागी-गोए’. इझू द्वीपकल्पातल्या अमागी घाटाचं गाणं. त्यातल्या बाईला कळतं ते त्याच्या अंगाला चिकटून आलेल्या वासावरून, आणि ती थेट विचारते की दुसरीने पळवण्यापेक्षा तुला मारूनच टाकू का. हे गाणं ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या कार्यक्रमात अनेकदा झालंय, घरोघरी मंडळी सोबा नूडल्स खात बसलेली असताना. तुझा मित्रही कधी तरी आईवडिलांच्या शेजारी बसून ते ऐकत असेल. ऐकताना त्याला काय वाटलं असेल, हा प्रश्न मात्र मला मनापासून पडलाय.

आता या दोन्ही बायकांत काय सारखं आहे ते बघ. दोघींना सगळं कळलेलं आहे. या गाण्यांत फसलेली बाई जवळजवळ भेटतच नाही. भेटते ती ओळखून बसलेली बाई. ती ‘तुझं खोटं मला कळतं’ असं म्हणते त्यालाच उद्देशून, पण त्याचं उत्तर गाण्यात कुठेच येत नाही. ऐकतो आपण, म्हणजे ज्यांचा त्या भानगडीशी काडीचा संबंध नाही असे लोक. जे त्याच्याशी बोलायचं ते तिने आपल्याशी बोलून टाकलंय. गाणं म्हणून ते उत्तम आहे. घरात राहायची पद्धत म्हणून मात्र भयंकर आहे. तू मला लिहिलंस, प्लेलिस्ट केलीस, बहिणीसमोर चेहरा सरळ ठेवलास. एकटा तोच राहिलाय ज्याला हे माहीत नाही.

तुझ्या यादीत एक गाणं नाही, ते मी सुचवते. मियुकी नाकाजिमाचं १९८१ चं ‘अकुजो’, म्हणजे वाईट चालीची बाई. चाल इतकी उड्या मारणारी की पहिल्यांदा ऐकताना कोणी नाचेल. गोष्ट अशी: त्याने कुठे तरी दुसरी मुलगी लपवलेली आहे, आणि हिला ते माहीत आहे. ही भांडत नाही. मारिको नावाच्या मैत्रिणीकडे फोन करते आणि आपण पुरुषांबरोबर मजा मारतोय असं नाटक लावते. पुरुषी कोलोन विकत घेते, रात्री उशिरा कॉफीच्या दुकानातल्या आरशात बघून मानेला लावते, आणि पहाटेची पहिली गाडी येईपर्यंत थांबून, थंडीने गारठून घरी जाते. जाऊन वर काही तरी टोचून बोलते. कशासाठी? तर त्याला हिचा वीट यावा, आणि मनाला टोचणी न लागता त्याने त्या दुसऱ्या मुलीकडे निघून जावं. धृपदात ती स्वतःलाच बजावते की वाईट व्हायचंच असेल तर चांदण्या रात्री होऊ नकोस, चांदण्यात माणूस फार खरं बोलून जातं.

तरुणपणी मला ती बाई थोर वाटायची. आता ऐकते तेव्हा वाटतं, बाई गं, तू त्याला विचारलंस का? एका घरात दोन नाटकं चाललीयत. तो तिला लपवतोय आणि ही स्वतःला लपवतेय. त्याला कदाचित जायचंच नसेल. कदाचित त्या मुलीचं प्रकरण केव्हाच संपलं असेल. कदाचित तो खरंच नालायक असेल, आणि मग त्याची टोचणी कमी करायला हिने पहाटेच्या थंडीत कुडकुडायची काय गरज? या सगळ्याची उत्तरं एका संध्याकाळच्या बोलण्यात मिळाली असती. पण गाणं झालं नसतं, हेही खरं.

आणि तू? बहीण येऊन गेल्यानंतर तो ऑफिसातून आल्यावर तू ‘कसा गेला दिवस’ विचारतेस, जेवण वाढतेस, आणि मनात डब्यांवरची स्टिकरं मोजतेस. त्याने दोन वर्षं लपवलं, तू महिनाभर लपवते आहेस. दोन्ही सारखं आहे असं मी म्हणत नाही. पण महिन्याचे सहा महिने फार पटकन होतात. सहा महिन्यांनी तू विचारशील तेव्हा पहिलं उत्तर येईल, ‘मग इतके दिवस का नाही बोललीस?’ आणि भांडण भलत्याच रस्त्याला लागेल.

तुझ्या यादीतलं योआसोबीचं ‘आयडल’ तू अगदी शेवटी, जणू बचाव पक्षाचा साक्षीदार म्हणून, ठेवलंयस. खोटं हीच प्रेमाची सर्वांत उंच जात, असं त्यात आहे, मग तोही तसंच समजत असेल का, असं तू विचारतेस. ते गाणं २०२३ मध्ये आलं ‘ओशि नो को’ या ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेसाठी, आणि बिलबोर्डच्या अमेरिका वगळून असलेल्या जागतिक यादीत पहिल्या क्रमांकावर जाणारं ते पहिलं जपानी भाषेतलं गाणं ठरलं. पण त्यातली मुलगी धंद्याने आयडल आहे, म्हणजे चाहत्यांच्या प्रेमावर जगणारी तरुण गायिका. चाहत्यांना ‘तुम्ही मला आवडता’ म्हणणं हे तिचं काम आहे आणि स्वतःची मुलं लपवणं ही त्या कामाची किंमत. हा धंदा किती क्रूर होऊ शकतो याचे दाखले कथेबाहेरही आहेत. २०१३ मध्ये एका मोठ्या आयडल गटातल्या मुलीने मित्राच्या घरी रात्र काढल्याची बातमी फुटली म्हणून डोकं भादरून, रडत, व्हिडिओवर माफी मागितली. २०१५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने एका आयडल मुलीला प्रेमबंदीचा करार मोडल्याबद्दल सुमारे साडेसहा लाख येन भरायला लावले. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयात दुसऱ्या एका खटल्यात, माणसाने कोणावर प्रेम करावं हा त्याच्या सुखाचा प्रश्न आहे, अशा अर्थाचा उलट निकाल लागला. तेव्हा त्या गाण्यातलं खोटं हे तिकीट काढून आलेल्यांसाठी आहे. तू तिकीट काढलेलं नाहीस. आणि एवढं करून ते गाणं संपतं कुठे, तर एकदाचं खरं बोलता आल्याच्या सुटकेवर. तुझा साक्षीदार उलटला.

मारिया ताकेउचीच्या ‘प्लास्टिक लव्ह’वर मी फार बोलत नाही. १९८४ च्या अल्बममधलं, तीसेक वर्षांनी यूट्यूबने जगभर नेलेलं, सुंदर गाणं आहे. पण त्यातली बाई दुखावल्यावर ‘प्रेम हा नुसता खेळ’ असं स्वतःला पटवत रात्रभर नाचते. ‘आमचं नातंच प्लास्टिकचं होतं’ असं तू लिहिलंयस ते याच गाण्याच्या नादात. एक थाप सापडली म्हणून दोन वर्षं खोटी पडत नाहीत. तापात तुझ्या उशाशी जागून त्याने बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, हे तूच लिहिलंयस, तेही झालंय.

आता थापेचं वजन करू. सगळी खोटी सारखी नसतात, हे तुलाही माहीत आहे. मी एकच गोष्ट बघते: त्या खोट्यामुळे तुझा एखादा निर्णय तुझ्या हातून गेला का? केस कापल्यावर ‘छान दिसतात’ म्हणणं, भाजी खारट असताना ‘मस्त’ म्हणणं, यात कोणाचं काही जात नाही. मिठाईचा डबाही एकटा असता तर मी त्याला भित्र्या माणसाची गोड थाप म्हणून सोडून दिला असता. पण ‘घरचे खूश आहेत’ या वाक्यावर तू पुण्याची नोकरी सोडलीस. त्या वाक्याच्या जागी ‘मी अजून सांगितलेलं नाही, मला धीर होत नाही’ हे वाक्य असतं, तर तू कदाचित वेगळं ठरवलं असतंस. कदाचित तेच ठरवलं असतंस, पण डोळे उघडे ठेवून. तुझी तक्रार इथे आहे, आणि ती रास्त आहे. ती डब्यावर खर्च करू नकोस.

तो असं का वागला असेल? मला माहीत नाही, आणि तुलाही नाही, म्हणून तर विचारायचंय. पण एक शक्यता सांगते. १९७५ सालचं हिरोमी ओताचं ‘मोमेन नो हान्काचीफु’, सुती रुमाल, तुझ्या यादीत आहे. मुलगा गाव सोडून पूर्वेच्या गाडीने शहरात निघतो, तिथून तुझ्यासाठी भेट शोधून पाठवीन म्हणतो. ती म्हणते काही नको, फक्त शहराचा रंग लावून घेऊ नकोस. कडवी आलटून पालटून दोघांची. तो अंगठी पाठवतो, सुटातला फोटो पाठवतो, आणि शेवटी सांगतो की आता मला परतता येणार नाही. मग ती पहिल्यांदा काही मागते, डोळे पुसायला सुती रुमाल. ताकाशी मात्सुमोतोंनी हे इतकं नेमकं लिहिलंय की त्या मुलाला लबाड म्हणताच येत नाही. निघताना तो खरंच बोलत होता, ते मागाहून खोटं झालं. तुझ्या मित्राचंही असं असू शकतं: ‘या नववर्षाला सांगतोच’ म्हणून तुला आधीच सांगून टाकलं असेल, तिथे गेल्यावर वडिलांसमोर जीभ उचलली नसेल, आणि मग आधीचं खोटं झाकायला डबा आला असेल. पुढच्या वेळी सांगणं आणखी अवघड, म्हणून आणखी एक डबा. असं असेल तर तो भित्रा आहे. भित्र्या माणसाबरोबर संसार करता येतो, त्याची भीती कशाची आहे हे कळलं तर. दुसरी शक्यता अशी की त्याला कधी सांगायचंच नव्हतं, आणि तू टोकियोपुरती आहेस. हे ऐकायला जड जाईल. पण यातलं कुठलं खरं, हे तुला प्लेलिस्ट सांगणार नाही.

तेव्हा बोल. ‘लाइन’ ॲपवर मेसेज करून नको, कराओकेहून परतताना नको, आणि त्याची बहीण घरी असताना तर मुळीच नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी, घरात, चहा झाल्यावर. काय बोलायचं ते आधी मराठीत कागदावर लिहून काढ. तुझं जपानी चांगलं असलं तरी परक्या भाषेत माणूस उगाच नम्र होतं, आणि जपानीत तर वाक्याच्या शेवटापर्यंत पोचता पोचता तक्रारीची विनंती होऊन बसते. मराठीत लिहिलेलं समोर असलं की तुला नक्की काय म्हणायचं होतं हे विसरायला होणार नाही. पहिलं वाक्य साधं ठेव: ‘तुझ्या घरी माझ्याबद्दल माहीत नाही, हे मला कळलंय.’ आणि थांब. तो गप्प बसेल. त्या शांततेत घाईने तूच त्याच्या वतीने कारणं देऊ नकोस. आपल्याला ती सवय फार असते. बहिणीचं नाव आलंच तर स्वच्छ सांग की तिने चुगली केलेली नाही, तिला वाटलं तुला माहीत आहे.

‘खोटं का बोललास’ असं विचारलंस तर ‘तुला वाईट वाटू नये म्हणून’ हे उत्तर येईल, आणि तिथे बोलणं अडेल. त्यापेक्षा विचार, ‘सांगितलं असतंस तर काय होईल असं तुला वाटत होतं?’ मग पुण्याच्या नोकरीची गोष्ट त्याला सांग. त्याला ती माहीत असेल, पण ती त्याच्या वाक्यावर उभी होती हे कदाचित माहीत नसेल. आणि त्या दिवशी एकच मागणी कर: येत्या ओबोनच्या आत त्याने घरी सांगायचं. तू बरोबर जायचं की नाही हे नंतर ठरवा. त्यांनी नकार दिला तर तो वेगळा प्रश्न, तो दोघांनी मिळून सोडवायचा. पण ओबोन आला, गेला, आणि पुन्हा डबा आला, तर पुण्याच्या ऑफिसात कोणत्या जागा निघाल्यात ते बघायला लाग. तेव्हा मला विचारायची गरज उरणार नाही.

अशाच पत्रांच्या वाटेवर असलेल्या इतर वाचकांसाठी दोन वाक्यं मधेच घालते. लपवलेली गोष्ट कर्ज असेल, गेलेली नोकरी असेल किंवा आधीचं न मोडलेलं लग्न असेल, तर नुसत्या बोलण्यावर भागवू नका, कागद बघा. जपानमध्ये प्रत्येक नागरिकाची कौटुंबिक नोंद, कोसेकी, नगरपालिकेत असते, आणि माणूस सध्या विवाहित आहे का हे तिच्यात दिसतं. लग्न ठरवताना ती मागण्यात काही अपमान नाही. आणि विचारलं तर तो हात उगारेल अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी एकटीने विचारू नये. तिथे हा सल्ला लागू नाही.

आता तो कंस. तो नक्की म्हणणार, ‘तूही कुठे सांगितलंयस?’ तयार राहा. याला खरं उत्तर आहे: तू आईशी खोटं बोललीस हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, तो आईशी काय बोलला नाही हे तुला माहीत नव्हतं. तुम्हा दोघांच्या हिशेबात हे सारखं नाही. पण एवढं सांगून झाल्यावर त्या चिवड्याकडे एकदा नीट बघ. कोणा परक्या मुलीला झेपणार नाही म्हणून तुझ्या आईने मिरची कमी घातली. डब्याच्या बाबतीत तू जिथे आहेस, चिवड्याच्या बाबतीत ती अगदी तिथेच आहे. तिलाही कधी तरी कोणाकडून तरी कळेल. निशि-कासाईत मराठी माणसं काही कमी नाहीत, आणि गणपतीत सगळ्यांचे फोटो सगळीकडे जातात. तेव्हा तिलाही प्रश्न पडेल, परदेशी गेली की मुलींना खोटं चालायला लागतं का?

त्याच्याशी बोलणं होईपर्यंत आईला सांगायची घाई नको. नातं राहतंय की नाही हेच ठरलं नसताना तिला दोन धक्के कशाला? पण राहतंय असं ठरलं, तर त्याला ओबोनची मुदत दिलीस तशी स्वतःलाही दे, आणि ती त्याला सांगून ठेव. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगू नकोस, तिथे बाबा, काकू आणि शेजारच्या वहिनी असतात. मधल्या वारी, बाबा बाहेर पडल्यावर फोन कर. तिच्याकडे सकाळचे अकरा म्हणजे तुझ्याकडे दुपारचे अडीच, त्या दिवशी अर्धी रजा टाक. ती पहिल्यांदा रागावेल ती तो जपानी आहे म्हणून नव्हे, चिवड्यावरून रागावेल. रागावू दे. फोन तिने ठेवला तर तासाभराने तू परत कर.